पोर्टेबल पॉवर स्टेशन: घरी आणि तंबूत (इंदूर आणि आसपास)

माळवाकर
मे-जूनमधलं वादळ किंवा पहिला दमदार पाऊस आला की इंदुरात लाइट जाते आणि कधी दोन-तीन तास येत नाही. हिवाळ्यात आपलीच मंडळी चोरल, जानापाव, मांडू, हनुवंतिया इथे तंबू टाकतात. दोन्हीकडे एकच पेटी, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेलं, उचलून नेता येणारं पॉवर स्टेशन, वापरता येते, पण ती घेताना आणि जोडताना बरेच गैरसमज दिसतात. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी. अनुभवकथनापेक्षा आकडे आणि कारणं लिहिली तर सगळ्यांना उपयोग होईल.

सुरुवात गणितापासून. पेटीवर दोन आकडे असतात. वॅट म्हणजे एका वेळी किती भार ओढेल. वॅट-अवर म्हणजे एकूण साठा किती. लोक पहिला बघून घेतात आणि दुसऱ्यावर फसतात. बाजारात सर्वात जास्त दिसणारा साठा १०२४ वॅट-अवर. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा. असे १६ सेल एकामागे एक जोडले की ५१.२ व्होल्ट, त्यात २० अँपिअर-अवर, म्हणून १०२४.

हा सगळा साठा सॉकेटमधून बाहेर येत नाही. बॅटरीतली डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) आतल्या इन्व्हर्टरने घरातल्यासारखी २३० व्होल्ट एसी (दिशा बदलत वाहणारी वीज) करताना १० ते १५ टक्के जातात. शिवाय एसीचं बटण नुसतं चालू ठेवलं तरी आतला इन्व्हर्टर स्वतःसाठी साधारण १० ते १५ वॅट खातो. मी पुढे ८८ टक्के कार्यक्षमता आणि १२ वॅट स्वतःचा खर्च धरतो.

दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे पूर्ण वेगावर ६० वॅट, ९ वॅटचे तीन एलईडी २७, राउटर १०. एकूण ९७. भागिले ०.८८, अधिक १२, म्हणजे बॅटरीतून सुमारे १२२ वॅट. १०२४ भागिले १२२, आठ तासांच्या थोडं वर. आता तेच दोन पंखे जुने ७५ वॅटचे घ्या. बॅटरीतून २२४ वॅट जातात आणि पेटी साडेचार तासांत संपते. दुप्पट मोठी पेटी घेण्याआधी पंखे बदलणं स्वस्त पडतं, आणि त्याचा फायदा वर्षभर वीजबिलातही मिळतो.

दुसरं टोक बघा. फक्त राउटर चालवायचा आहे. एसी सॉकेटला लावला तर १० वॅटच्या राउटरसाठी बॅटरी २३ वॅट देते, म्हणजे निम्म्याहून जास्त वीज इन्व्हर्टरच खातो. चाळीस-चव्वेचाळीस तास मिळतात. तोच राउटर १२ व्होल्टच्या डीसी पोर्टवरून चालवला तर ७५ तासांच्या पुढे जातो. त्यासाठी राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टेज आधी वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. पेटीचा १२ व्होल्टचा पोर्ट बऱ्याचदा १३ च्या वर देतो. १२ व्होल्टचा राउटर साधारण तेवढं सोसतो, ९ चा जळेल. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय पिन लावू नका.

आणि इको मोड बंद करा. भार फार कमी असेल तर काही वेळाने एसी आपोआप बंद करायची सोय बऱ्याच पेट्यांत आधीपासून चालू असते. रात्री राउटर किंवा एकटा झिरोचा दिवा बंद पडतो आणि लोकांना वाटतं पेटी बिघडली.

ज्योत्स्ना_सुदामानगर
गणित स्पष्ट झालं. पण आमच्याकडे आधीच १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड) बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. मग पेटी कशाला? आणि फ्रिज कशावर चालवावा?

ओहम
ज्योत्स्नाताई, फक्त घरासाठी असेल तर घेऊ नका. चालू असलेली ट्यूब्युलर बॅटरी बदलून पेटी आणण्यात अर्थ नाही. १२ गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. लेड-ॲसिड रोज तळापर्यंत उतरवली तर लवकर मरते, म्हणून निम्मा साठा वापरायचा असं धरा, म्हणजे ९०० च्या आसपास. शिवाय १५० हा आकडा २० तासांत हळूहळू, साडेसात अँपिअरने उतरवल्यावरचा असतो. चाळीस अँपिअर ओढलेत तर तेवढा मिळत नाही. तरीही दोन-तीन तासांच्या लोडशेडिंगला ती भरपूर आहे, आणि ती घराच्या वायरिंगला आधीच जोडलेली आहे. उन्हाळ्यात पाणी जास्त उडतं, म्हणून मार्च ते जून पातळी दर महिन्याला बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं नको.

पेटीचा फायदा तीन ठिकाणी आहे. उचलून नेता येते: १०२४ ची पेटी साधारण ११ ते १३ किलो, ट्यूब्युलर पाण्यासकट पन्नासच्या वर. भाड्याच्या घरात वायरिंगला हात लावावा लागत नाही. आणि शुद्ध साइन वेव्ह (घरच्या लाइटसारखी गुळगुळीत लहर) मिळते. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंखे घूंघूं आवाज करतात, फ्रिजची मोटर तापते.

आता फ्रिज. त्याचा भार अंदाजाने धरू नका, दारावरच्या बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. त्यांना ३६५ ने भागा. वर्षाला १८२ युनिट म्हणजे दिवसाला अर्धं युनिट, ५०० वॅट-अवर. मे महिन्यात स्वयंपाकघर तापलेलं असतं, तेव्हा याहून जास्त धरा.

अडचण चालू होण्याच्या क्षणाला येते. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर चालताना १००-१५० वॅट घेतो, पण सुरू होताना सेकंदाच्या अंशासाठी त्याच्या सहा-आठ पट करंट ओढतो. ३०० किंवा ५०० वॅटची पेटी तिथेच ट्रिप होते (आपोआप बंद पडते). १००० वॅट सलग आणि २००० क्षणिक अशी पेटी सहसा उचलते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज हळू सुरू होतो, त्याला लहान पेटीही चालते. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर मधूनच लागतो आणि तोही १५०-२५० वॅट घेतो. स्क्रीनवर भार अचानक वाढलेला दिसला तर घाबरू नका.

ट्रिप झाली तर लगेच परत बटण दाबू नका. कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला पाच मिनिटं लागतात. तोवर त्याला सुरू होणं जास्तच जड जातं आणि पेटी पुन्हा ट्रिप होते.

माझं मत: दार बंद ठेवलं तर फ्रिज चारेक तास गार राहतो. दोन तासांसाठी लाइट गेली असेल तर फ्रिज पेटीवर लावूच नका. लांबली तर तीन तासांत एक तास द्या.

निळीवायर
वायरिंगचं मी लिहितो, कारण जिवाचा धोका इथेच आहे.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून पेटीचा एसी घरातल्या एखाद्या सॉकेटमध्ये घालायची आणि सगळं घर चालवायचं, हे कोणीही, कितीही खात्रीने सांगितलं तरी करू नका. मेन बंद करायची राहिली तर वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. लाइन दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती लाइन बंद असते. ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनेही काम करतो, २३० चे हजारो व्होल्ट होतात. आणि वायर सॉकेटमधून निसटली तर तिच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात, समोर घरातलं लहान मूल असू शकतं.

साधा मार्ग: पेटीतून तीन कोअरची एक्स्टेंशन, तिच्यावर पंखा, दिवा, राउटर. १००० वॅटला साडेचार अँपिअरही होत नाहीत, म्हणून १ चौरस मिलिमीटर तांबं पुरतं, १.५ घेतली तर उत्तमच. वायर गुंडाळलेली ठेवून पूर्ण भार देऊ नका, गुंडाळीत उष्णता कोंडते आणि आवरण मऊ होतं.

पक्की सोय करायची तर इलेक्ट्रिशियनकडून एक वेगळं सर्किट काढून घ्या. हॉलचा पंखा, दोन-तीन दिवे, राउटरचा पॉइंट, एवढंच. त्याचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही वेगळे, आणि मधे डबल पोल चेंजओव्हर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम मेनवरून पेटीवर फिरवणारा स्विच). बरेच जण फक्त फेज बदलतात आणि न्यूट्रल सामाईक ठेवतात. मग लाइट असताना, पेटी चार्जिंगला लावून तिच्यातूनच वीज पुढे जात असताना, करंटला परतायला दोन वाटा मिळतात आणि घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. लोक आरसीसीबीला दोष देऊन तो काढून टाकतात. दोष न्यूट्रलचा असतो.

आणखी एक. पेटी नुसत्या बॅटरीवर चालू असताना तिचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो. म्हणून टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत मंद उजळतो. हा बिघाड नाही. पण याचा अर्थ असाही की त्या वेळी घरातल्या आरसीसीबीचं संरक्षण पेटीवर लावलेल्या यंत्राला मिळत नाही. ओल्या हाताने मिक्सरला हात लावायचा नाही, हा नियम पेटीवरही तितकाच लागू.

चोरलवारी
निळीवायर, ज्यांच्या छतावर सोलर आहे त्यांच्यासाठीही दोन ओळी लिहा. लाइट गेली की सोलरही बंद पडते, आणि पेटीने ती जागी करता येईल असं बऱ्याच जणांना वाटतं.

निळीवायर
ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाइट गेल्यावर मुद्दाम बंद होतो, लाइनवरच्या माणसासाठीच. पेटीचा एसी घराच्या वायरिंगमध्ये सोडला तर त्या इन्व्हर्टरला ग्रिड परत आल्यासारखं वाटू शकतं. तो सुरू होतो आणि छतावरची वीज पेटीच्या आउटपुटमध्ये ढकलतो. पेटीचा इन्व्हर्टर बाहेरून आत येणारी वीज घ्यायला बनवलेला नसतो, तो जळतो. लाइट गेल्यावरही छतावरची वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी घ्यावी लागते. पेटी हा त्यावरचा उपाय नाही.

चोरलवारी
आता तंबूकडे. कॅम्पिंगचा हिशेब घरापेक्षा सोपा आहे, फक्त एक गोष्ट पाळायची: उष्णता गॅसवर, उजेड आणि गारवा पेटीवर.

का, ते बघा. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला ९३ वॅट-अवर लागतात, हे भौतिकशास्त्र आहे, त्यात कुठली कंपनी काही कमी करू शकत नाही. किटलीतून वाया जाणारं आणि इन्व्हर्टरचं धरून बॅटरीतून १२० ते १२५. सहा जणांचा एकदा चहा म्हणजे १०२४ च्या पेटीतले बारा टक्के. सकाळ-संध्याकाळ दोनदा केला तर पाव पेटी चहातच गेली. शिवाय घरची १५०० वॅटची किटली १००० च्या पेटीवर चालतच नाही. इंडक्शन, इस्त्री, गीझर, हेअर ड्रायर यांचंही तेच. लहान गॅस शेगडी घ्या.

बाकीचं मात्र पेटीला हलकं जातं. फोन एकदा भरायला १५-२० वॅट-अवर. यूएसबीचा १० वॅटचा पंखा रात्रभर आठ तास, ८०. तंबूतले ५ वॅटचे दोन दिवे पाच तास, ५०. लॅपटॉप एकदा, ६०-७०. चौघांच्या एका रात्रीला ३०० वॅट-अवर पुष्कळ होतात. फक्त एवढंच चालवायचं असेल तर १०२४ ची पेटी ओढून नेऊ नका. ३०० ते ५०० ची घ्या, चार-सहा किलोत काम होतं आणि चोरलच्या काठाशी उतरताना हात मोकळा राहतो.

मोठी पेटी लागते ती गार डब्यासाठी. इथे दोन प्रकार आहेत आणि दुकानदार दोन्हीला कार-फ्रिजच म्हणतो. कॉम्प्रेसरवाला ४५ वॅटचा असतो पण सलग चालत नाही, बाहेर ऊन बेताचं असेल तर चाळीस टक्के वेळ चालतो. २४ तासांत साधारण ४३० वॅट-अवर. दुसरा थर्मोइलेक्ट्रिक, स्वस्त आणि हलका. तो ५०-६० वॅट अखंड घेतो, दिवसाला १२०० च्या वर, आणि बाहेरच्या हवेपेक्षा वीस अंशांच्या आसपासच गार करतो. मे महिन्यात ४२ अंशांत आत बावीस अंश राहिले तर दूध नासणारच. पेटीवर फक्त कॉम्प्रेसरवाला लावा, आणि तोही डीसी सॉकेटवर. आदल्या रात्री घरी सामानासकट गार करून निघा, पहिल्या सहा तासांचा खर्च वाचतो.

गाडीत चार्ज करायचं तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून १०० वॅटच्या आसपास मिळतात. त्याच्या मागे सहसा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. इंदूर ते मांडू अडीच तासांत २०० ते २५० वॅट-अवर भरतात, त्याहून जास्तीची अपेक्षा नको. इंजिन बंद केलं की वायर काढा. गाडीच्या बॅटरीत एकूण साठाच ४००-५०० वॅट-अवरचा असतो, तो पेटीत ओतला तर सकाळी गाडी सुरू होणार नाही.

ठेवण्याची जागा: गवतावर नाही, फळीवर किंवा क्रेटवर. पेटीतले पंखे बाहेरची हवा आत ओढतात. पहाटेचं दव, हनुवंतियाच्या काठची बारीक माती, सगळं आत जातं, आणि बहुतेक पेट्या पाणीरोधक नसतात. पण म्हणून तिच्यावर गोधडी किंवा प्लास्टिक टाकू नका, हवा खेळली पाहिजे. तंबूच्या बाहेरच्या छपराखाली, दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून, हे उत्तम.

आणि उन्हाळ्यात बंद गाडीत कधीही ठेवू नका. उन्हातल्या गाडीत आतलं तापमान साठच्या आसपास जातं. बहुतेक पेट्या ४०-४५ अंशांच्या वर चार्जिंग घेत नाहीत. बंद गाडीतून काढलेली पेटी पॅनेलला लावल्यावर तासभर शून्य वॅट दाखवते. ती बिघडलेली नसते, तापलेली असते. सावलीत गार होऊ द्या. तिचं आयुष्य मात्र तेवढं कमी झालेलं असतं.

सौरभार
पॅनेलबद्दल.

१०० वॅटचं घडीचं पॅनेल प्रत्यक्षात ६० ते ७५ वॅट देतं. १०० हा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा. माळव्यातल्या मेच्या उन्हात सेल ६०-६५ अंशांवर जातो आणि दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के कमी होतात, म्हणजे १२ ते १६ टक्के तिथेच गेले. धूळ, वायर आणि चुकीचा कोन उरलेलं खातात.

कोनाचं इथलं गणित. इंदूर २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा पॅनेल आडवं ठेवलं तरी चालतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त ४४ अंशांवर असतो. तेव्हा पॅनेल जमिनीवर आडवं पसरलं तर ३१ टक्के ऊन वाया जातं. आपला कॅम्पिंगचा हंगाम नेमका हाच. म्हणून हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांच्या आसपास उभं करा आणि दर दीड-दोन तासांनी सूर्याकडे वळवा. मोजायचं यंत्र नको: पॅनेलच्या पृष्ठावर काटकोनात पेन्सिल टेकवा, तिची सावली नाहीशी झाली की कोन बरोबर.

सावली हा सर्वात मोठा चोर. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर फांदीची सावली पडली तरी सगळ्यांचा करंट अडतो. पळसाच्या विरळ सावलीत पॅनेल ठेवून वीस वॅट मिळतात म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. पॅनेल पूर्ण उन्हात, पेटी सावलीत, मधे लांब वायर. पाच मीटरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची सोलर वायर घ्या.

आता ज्याने पेट्या जळतात ते. १०० वॅटच्या पॅनेलचा उघडा (भार न लावता मोजलेला) व्होल्टेज २१-२२ असतो. दोन पॅनेल एकामागे एक जोडली की ४४. थंड सकाळी व्होल्टेज वाढतो, दहा अंशांवर तो ४६ होतो. लहान पेट्यांची सोलरची मर्यादा बऱ्याचदा २८ किंवा ३० व्होल्ट असते, तिथे ४६ दिलेत तर आतला चार्ज कंट्रोलर जातो, आणि याला वॉरंटी सहसा मिळत नाही. मोठ्या पेट्या ६० व्होल्टपर्यंत घेतात, त्यांना एकामागे एक जोडणं चांगलं. लहान पेटीला शेजारी-शेजारी, म्हणजे प्लस प्लसला आणि मायनस मायनसला. पेटीच्या माहितीपत्रकातला सोलर इनपुटचा कमाल व्होल्टेज वाचल्याशिवाय दुसरं पॅनेल विकत घेऊ नका.

एमसी-४ चे कनेक्टर (सोलर वायरी जोडायची टोकं) नर-मादी असतात म्हणून उलटे लागणारच नाहीत, असं समजू नका. पॅनेलला आणि पेटीच्या पिनेला जोडणाऱ्या वायरी वेगवेगळ्या ठिकाणच्या असल्या की प्लस-मायनस उलटे निघतात. पेटीत घालण्याआधी शेवटच्या टोकावर मल्टिमीटर लावा.

अपेक्षा किती ठेवायची? स्वच्छ हिवाळी दिवशी २०० वॅटचं पॅनेल सरासरी १४० देतं आणि कामाचे पाच तास मिळतात, म्हणजे ७०० वॅट-अवर. १०२४ ची पेटी दीड दिवसात. जुलै-ऑगस्टच्या ढगांत त्याच्या पाव भागावर हिशेब करा, नाहीतर घरून भरूनच न्या.

घराच्या गच्चीसाठी घडीचं पॅनेल घेऊ नका. काचेचं साधं पॅनेल स्वस्त पडतं आणि अनेक वर्षं जास्त टिकतं. घडीच्या पॅनेलचं कापड आणि शिवण रोजच्या उन्हात टिकत नाही.

ज्योत्स्ना_सुदामानगर
उपयुक्त. सासऱ्यांना रात्री सीपॅप (झोपेत श्वासासाठी दाबाने हवा देणारं यंत्र) लागतो, आणि ओळखीत एकांकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) आहे. दोन्हींबद्दल सांगाल का?

ओहम
सीपॅपला पेटी चांगली. ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद केली तर त्याचा खर्च निम्म्याहून कमी होतो, कारण पंख्यापेक्षा हीटरच जास्त खातो. ती बंद ठेवायला चालेल का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. यंत्राच्या कंपनीची डीसी वायर मिळते, ती घ्या. काही यंत्रं २४ व्होल्टची असतात, त्यांना मधे कन्व्हर्टर लागतो. इको मोड बंद, हे पुन्हा सांगतो, कारण इथे तो झोपेत बंद पडेल.

पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर ३०० ते ३५० वॅट अखंड घेतो. १०२४ च्या पेटीवर अडीच तास. त्याच्या भरवशावर राहू नये. भरलेला सिलिंडर घरात हवाच, पेटी फक्त सिलिंडर लावेपर्यंतचा वेळ देते.

माळवाकर
संगणकासाठी यूपीएस म्हणून वापरणाऱ्यांनी बदलाचा वेळ, म्हणजे लाइट गेल्यावर पेटी बॅटरीवर यायला किती वेळ घेते, तो बघावा. २० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक डेस्कटॉप चालू राहतात. जुना किंवा स्वस्त एसएमपीएस (संगणकातला पॉवर सप्लाय) असेल तर रीस्टार्ट होऊ शकतो. काम सेव्ह करा, मग मेन प्लग काढून एकदा तपासा.

बॅटरीवाला
देखभाल आणि खरेदी.

खरेदीत आधी सेलचा प्रकार. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. दोन-तीन हजार वेळा उतरवून भरल्यावरही साधारण ८० टक्के साठा राहतो. जुन्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलच्या) पेट्या हलक्या असतात, पण ५०० ते १००० वेळांत थकतात आणि उष्णतेला जास्त नाजूक. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी एनएमसी सुचवणार नाही.

मोठ्या अक्षरातले वॅट सलगचे की क्षणिक, हे बारीक अक्षरात असतं. मिलिअँपिअर-अवरवर भुलू नका. ३२०००० हा आकडा प्रचंड वाटतो, पण तो एका सेलच्या ३.२ व्होल्टवर मोजलेला असतो. ३२० गुणिले ३.२, तेच १०२४. तुलना फक्त वॅट-अवरमध्ये करा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि आपल्या तीन पिनांचं सॉकेट आहे ना, बघा. बाहेरून आणलेली अमेरिकेची पेटी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ देते. तिच्यावर आपला फ्रिज किंवा पंखा लावायचा नाही, अडॅप्टरने नुसती पिन बदलते.

परत करायची मुदत असेपर्यंत साठा मोजून घ्या. पेटी शंभर टक्के भरा, मधे अगदी स्वस्तातला नव्हे, बऱ्यापैकी युनिट मीटर (किती वीज गेली ते मोजणारा) लावा, १५०-२०० वॅटचा स्थिर भार द्या (दोन जुने पंखे चालतील) आणि बंद पडेपर्यंत चालवा. १०२४ च्या पेटीतून ८५० च्या आसपास निघाले तर ठीक. ७०० च्या खाली निघाले तर परत करा.

वापरात सर्वात जास्त येणारी तक्रार: स्क्रीनवर ३० टक्के आणि अचानक शून्य. फॉस्फेट सेलचा व्होल्टेज साधारण २० ते ९० टक्क्यांच्या मधे जवळपास सपाट असतो. त्यामुळे व्होल्टेजवरून किती उरलं हे कळत नाही, पेटी आत-बाहेर गेलेला करंट मोजून अंदाज करते. लहान चुका साठत जातात. उपाय: १०० पर्यंत भरा, १०० दिसल्यावरही दोन-तीन तास चार्जरवर ठेवा म्हणजे सेल एकमेकांशी जुळतात, मग बंद पडेपर्यंत उतरवा आणि पुन्हा पूर्ण भरा. वापरात असलेली पेटी महिन्यातून एकदा पूर्ण भरली तर ही वेळच येत नाही.

महिनोन्महिने ठेवायची तर मात्र ५० टक्क्यांवर, बंद करून, घरातल्या सर्वात गार खोलीत. माळ्यावर पत्र्याखाली नको. तीन महिन्यांनी बघा, कमी झाली असेल तर भरा. शून्यावर ठेवून देणं सर्वात वाईट. आतलं सर्किट थेंब-थेंब ओढत राहतं, सेल फार खाली जातात, आणि मग संरक्षण म्हणून पेटी चार्जिंगच घेत नाही. बऱ्याच पेट्या अशाच पडून मेलेल्या असतात.

रात्रभर वेळ असेल तर वेगवान चार्जिंग नको. ॲपमध्ये ३००-४०० वॅट ठेवा, आवाज कमी, उष्णता कमी. मॉन्सून सोडून दर दोन महिन्यांनी पंख्यांच्या जाळ्या मऊ ब्रशने झाडा.

कडाक्याच्या थंडीचा प्रश्न इंदुरात नाही. पण पेटी घेऊन लडाख किंवा हिमाचलला जाणार असाल तर शून्याखाली चार्ज करू नका. सेलमध्ये धातूरूपात लिथियम साठतं आणि ते परत जात नाही. उतरवायला हरकत नसते.

चोरलवारी
विमानाने न्यायची असेल तर?

बॅटरीवाला
नाही. प्रवाशाला केबिनमध्ये १०० वॅट-अवरपर्यंत नेता येतं, १६० पर्यंत एअरलाइनच्या परवानगीने. चेक-इनमध्ये सुटी बॅटरी चालत नाही. म्हणजे वर सांगितलेली ३०० ची पेटीही बसत नाही. गाडीनेच.

निळीवायर
फुगलेलं आवरण, गोडसर रसायनाचा वास, फुसफुस आवाज, यातलं काहीही जाणवलं तर चार्जर भिंतीपासून काढा, पेटी उघड्यावर ठेवा आणि दूर व्हा. पेट घेतला तर कोरड्या पावडरच्या अग्निशामकाने ज्वाळा विझते, पण सेल तापलेलेच राहतात आणि पुन्हा पेटतात. गार करायला भरपूर पाणी लागतं. अग्निशमन दलाला फोन करताना लिथियम बॅटरी आहे हे सांगा.

संपलेली पेटी सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. कचरागाडीत दाबली गेली तर आग लागते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. आधी कंपनीला लिहा. नाही जमलं तर गाडीवाल्याला ई-कचरा म्हणून वेगळी, हातात द्या.

ज्योत्स्ना_सुदामानगर
ठरलं: इन्व्हर्टर तसाच, आणि कॅम्पिंगसाठी ५०० ची पेटी. शेजाऱ्यांना मात्र पक्की सोय हवी आहे, त्यांच्यासाठी चेंजओव्हर नक्की कोणता मागायचा?

निळीवायर
डबल पोल, मधे बंद स्थिती असलेला, २५ किंवा ३२ अँपिअर, हाताने फिरवायचा. महाराणी रोडवर सहज मिळतो. मधली बंद स्थिती हवीच, म्हणजे दोन्हींकडची वीज क्षणभरही एकत्र येत नाही. पेटीच्या बाजूला ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) लावायला सांगा, आणि काम झाल्यावर इलेक्ट्रिशियन समोर असतानाच मेन बंद करून, सर्किट पेटीवर चालू ठेवून, चेंजओव्हरच्या मेनकडून येणाऱ्या टोकावर टेस्टर लावून बघा. तिथे काहीही उजळता कामा नये.